परकायाप्रवेश आणि ॲना मे वाँग

कलेच्या प्रांतांत शेवटीं गुणांचेंच राज्य चालतें, आणि ज्याच्या अंगीं खरी कुवत आहे त्याला उशिरां का होईना, पण योग्य स्थान मिळाल्याखेरीज राहत नाहीं, हें एक असें सुभाषित आहे कीं, तें उच्चारणाऱ्याला त्याचा पुरावा देण्याची जरुरी कधीं भासत नाहीं. यशस्वी माणसांना तें प्रिय असतें, कारण त्यांच्या यशाला त्यामुळें न्यायाचें अधिष्ठान मिळतें. टीकाकारांना तें त्याहूनहि प्रिय असतें, कारण त्यांचें अर्धें काम त्यामुळें वांचतें. ज्याला मोठ्या भूमिका मिळाल्या तो मोठा नट आणि ज्याला लहान मिळाल्या तो लहान नट, असा हिशेब एकदां मान्य केला म्हणजे अभिनय डोळे उघडून पाहण्याचें कारणच उरत नाहीं. भूमिकांची यादी चाळली कीं निकाल लिहितां येतो. या सुभाषिताचा पोकळपणा दाखविण्यास ॲना मे वाँग या अमेरिकन नटीच्या कारकीर्दीइतकें स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल. आणि म्हणूनच तिच्याविषयीं जीं तीन मतें वारंवार ऐकूं येतात त्यांचा येथें समाचार घेण्याचें योजिलें आहे.

पहिलें मत असें कीं, ही नटी दिसण्यांत मोहक होती, पोषाखांत चोखंदळ होती, परंतु तिच्या अभिनयाचा पल्ला आंखूड होता. म्हणूनच चाळीस वर्षांत दासी, नर्तकी आणि कपटी सुंदरी यांपलीकडे तिला फारसें जातां आलें नाहीं. दुसरें मत अधिक पंडिती वळणाचें आहे. अभिनय म्हणजे परकायाप्रवेश. तेव्हां चिनी स्त्रीची भूमिका चिनी स्त्रीनेंच करावी असा आग्रह धरणें म्हणजे कलेला जन्मदाखल्याच्या दावणीला बांधणें होय. हॉलिवुडनें चिनी नायिकांच्या भूमिका गोऱ्या नट्यांना दिल्या यांत तक्रारीसारखें कांहीं नाहीं. तिसरें मत नीतीच्या उच्चासनावरून बोलतें: आपल्या वंशाला कमीपणा आणणाऱ्या भूमिका या बाईनें पत्करल्याच कां? तीं नाकारण्याचा बाणेदारपणा तिनें कां दाखविला नाहीं? हीं मतें एकमेकांशीं जुळणारीं नाहींत हें उघड आहे. परंतु एका गोष्टींत तिन्ही एक आहेत. तिन्ही मतें आरोपीच्या पिंजऱ्यांत त्या नटीलाच उभी करतात, आणि भूमिका वाटणारा हात मात्र न्यायालयाच्या बाहेर मोकळा राहतो.

प्रथम हकीकत पाहूं. ॲना मे वाँगचा जन्म ३ जानेवारी १९०५ रोजीं लॉस एंजेलिस शहरांत झाला. वाँग लिउ त्सुंग हें तिचें घरचें नांव. बापाचा कपडे धुण्याचा धंदा होता. आईबाप दोघेंहि अमेरिकेंतच जन्मलेलीं. म्हणजे जिला लोक जन्मभर ‘चिनी नटी’ म्हणून ओळखत राहिले तिनें चीन देश वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत पाहिलाहि नव्हता. पण ज्या देशांत ती जन्मली त्या देशांत १८८२ पासून चिनी-बहिष्काराचा कायदा जारी होता, आणि त्यामुळें तेथें जन्मलेल्या चिनी वंशाच्या नागरिकालाहि परदेशीं जाण्यापूर्वीं परत येण्याच्या परवानगीसाठीं सरकारी कागद भरून द्यावे लागत. तो कायदा १९४३ सालीं रद्द झाला. कॅलिफोर्नियांत गोऱ्या आणि चिनी वंशाच्या स्त्रीपुरुषांच्या विवाहावर जी बंदी होती ती त्याहूनहि पुढें, १९४८ पर्यंत टिकली. चित्रपटधंद्यानें १९३० सालीं स्वतःसाठीं नीतिनियम तयार केले व १९३४ पासून ते कडक रीतीनें अमलांत आणले. त्यांत गोऱ्या आणि काळ्या वंशांतील शरीरसंबंध दाखविण्यास मनाई होती. चिनी माणसांचा त्यांत उल्लेख नव्हता. तरी कंपन्या तो नियम तिकडेहि ताणीत.

या नियमांचा अर्थ नटीच्या दृष्टीनें काय होतो हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण सर्व वादाची किल्ली येथेंच आहे. हॉलिवुडच्या कथेंत नायिका ती, जिच्यावर नायकाचें प्रेम जडतें आणि शेवटीं जिचा त्याच्याशीं विवाह होतो. नायक तर बहुधा गोरा नट. मग तो गोऱ्या माणसाची भूमिका करीत असो कीं तोंडाला रंग लावून चिनी झालेला असो. म्हणजे चिनी वंशाच्या नटीला गोऱ्या पात्राची नायिका होतां येत नाहीं, आणि गोऱ्या नटानें रंगविलेल्या चिनी पात्राचीहि होतां येत नाहीं. उरलें काय? नायकावर प्रेम करून मरणें, नायकाचा घात करून मरणें, किंवा नायिकेची दासी होऊन जिवंत राहणें. वाँगच्या भूमिकांची यादी घेऊन बसणाऱ्या टीकाकारानें ही तीन घरें आंखून पाहावीं. यादींतील बहुतेक नांवें त्यांत आपोआप जाऊन बसतील. मग त्या यादीवरून त्याला नटीच्या पल्ल्याचें ज्ञान होईल कीं कोंडवाड्याच्या लांबीरुंदीचें, हें त्यानेंच ठरवावें.

१९२२ सालीं, सतरा वर्षांची असतांना, ‘दि टोल ऑफ दि सी’ या मूकपटांत तिला मुख्य भूमिका मिळाली. टेक्निकलर कंपनीच्या दोन रंगांच्या पद्धतीनें काढलेल्या आरंभींच्या चित्रांपैकीं हें एक. कथा ‘मादाम बटरफ्लाय’चीच, केवळ जपानच्या जागीं चीन. अमेरिकन नवरा सोडून जातो, परत येतो तो गोरी बायको घेऊन. आणि चिनी तरुणी आपला मुलगा त्यांच्या स्वाधीन करून समुद्राला मिळते. मूकपटांच्या काळीं दुःख म्हणजे हातवारे आणि छाती पिटणें असा अनेकांचा समज होता. या मुलीच्या मुद्रेवर मात्र दुःख हळूहळू उतरतें आणि तेथेंच थांबतें. दोन वर्षांनीं डग्लस फेअरबँक्सच्या ‘दि थीफ ऑफ बगदाद’मध्यें तिनें मोंगल दासीची लहानशी, कपटी भूमिका केली व ती देशोदेशीं माहीत झाली. गुणांचें राज्य खरें असतें तर येथून पुढें वाट चढती असावयास हवी होती. प्रत्यक्षांत काय झालें? १९२७ च्या ‘मिस्टर वू’मध्यें चिनी नायिका झाली ती रने अदोरे ही फ्रेंच नटी, आणि वाँग तिच्या शेजारीं दुय्यम भूमिकेंत. १९२८ च्या ‘दि क्रिम्सन सिटी’मध्यें चिनी तरुणी म्हणून पुढें आली ती मिर्ना लॉय, आणि वाँग पुन्हां मागेंच. पांच वर्षांत तिचा अभिनय घसरला असें कोणी म्हणत नाहीं. रंग लावलेला चेहरा पुढें आणि बिनरंगाचा चेहरा मागें, अशी केवळ व्यवस्था लागली होती.

त्याच वर्षीं ती युरोपला गेली. आणि पहिल्या मताची खरी परीक्षा तेथें झाली. ज्या नटीचा पल्ला आंखूड आहे तिचा देश बदलल्यानें तो लांब होत नसतो. परंतु जर्मनींत रिखार्ड आइकबर्गनें ‘साँग’ या चित्रांत तिला नायिका केली. लंडनमध्यें ई. ए. ड्युपाँच्या ‘पिकॅडिली’ (१९२९) या मूकपटांत तिनें शोशोची भूमिका केली. हें चित्र आजहि पाहण्यास मिळतें. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें त्याचा पुनरुद्धार केला आहे. शोशो ही एका झगमगीत रात्रगृहाच्या मोरीवर भांडीं घासणारी पोर. कामाच्या वेळीं ती नाचते म्हणून मालक तिला काढतो, आणि पुढें तोच तिला दिवाणखान्यांत नाचण्यासाठीं परत बोलावतो. जाहिरातींत मोठें नांव गिल्डा ग्रेचें होतें. चित्र पाहतांना मात्र डोळा शोशोवरून हलत नाहीं. फाटक्या मोज्यांतली मोलकरीण आणि रात्रगृहाची राणी यांमधलें अंतर ही नटी पोषाखानें दाखवीत नाहीं. मालकाकडे पाहण्याच्या धीटपणांत जो फरक पडत जातो त्यानें दाखविते.

त्याच सालीं लंडनच्या रंगभूमीवर ती ‘दि सर्कल ऑफ चॉक’ या नाटकांत लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर उभी राहिली. तेथील टीकाकारांना तिचे अमेरिकन उच्चार खटकले. तिनें रुसवा धरला नाहीं. शिक्षक ठेवून उच्चार सुधारले. १९३० सालीं तिचा पहिला बोलपट इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच अशा तीन भाषांत निघाला व तिन्ही भाषांत ती स्वतः बोलली. व्हिएन्नाच्या रंगभूमीवर तिनें जर्मन भाषेंत संगीत नाटक केलें. दोन वर्षांत दोन परभाषा रंगभूमीच्या योग्यतेच्या करून घेणाऱ्या नटीविषयीं ‘पल्ला आंखूड’ हें विशेषण वापरण्यापूर्वीं, एका भाषेंतच आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांनीं थोडें थबकावें हें बरें.

युरोपांतील कीर्ति घेऊन ती परत आली तेव्हां हॉलिवुडनें तिला काय दिलें? १९३१ चा ‘डॉटर ऑफ दि ड्रॅगन’. फू मांचू या दुष्ट चिन्याची तितकीच दुष्ट मुलगी! बापाची भूमिका स्वीडनमध्यें जन्मलेल्या वॉर्नर ओलंडची. मुख्य स्त्रीभूमिका करणाऱ्या वाँगला सहा हजार डॉलर मिळाले, जपानी नट सेसू हायाकावा याला दहा हजार, आणि चित्राच्या पूर्वार्धांतच मरून जाणाऱ्या ओलंडला बारा हजार. गुणांचें राज्य आपला जमाखर्च कसा ठेवतें त्याचा हा मासला आहे.

पुढल्या वर्षीं जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या ‘शांघाय एक्सप्रेस’मध्यें तिला मार्लेन डीट्रिखच्या डब्यांतील सोबतीण हुइ फे हिची भूमिका मिळाली. संवाद अगदीं थोडे. आगगाडींतील संभावित उतारू या दोन बदनाम बायकांकडे नाक मुरडून पाहत असतात. एकटी पत्ते मांडून बसलेली हुइ फे त्यांच्याकडे मानहि वळवीत नाहीं. तो बेफिकीर शांतपणा पाहून प्रेक्षकाला प्रथम ती दगडाची वाटते. नंतर बंडखोरांचा सरदार तिची विटंबना करतो, आणि ती एका शब्दाचाहि विलाप न करतां सुरा घेऊन त्याचा शेवट करते. ज्या शांतपणाला आपण थंडपणा समजलों तो अपमान गिळण्याची जन्माची संवय होती, हें तेव्हां कळतें. सर्व चित्र डीट्रिखच्या सौंदर्याच्या आरतीसाठीं रचलेलें असूनहि कथेची गांठ सोडविणारें कृत्य हुइ फेच्या हातून घडतें, आणि मनांत राहते तीहि तीच. थोड्या संवादांत इतकें करून दाखविणें याला जर कोणी मर्यादा म्हणत असेल तर मर्यादेची व्याख्या बदलावी लागेल.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. पर्ल बक हिची ‘दि गुड अर्थ’ ही कादंबरी १९३१ सालीं प्रसिद्ध झाली व पुढल्या वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. चिनी शेतकरी वांग लुंग आणि त्याची अबोल, कष्टाळू बायको ओ-लान यांची ही कथा. दुष्काळांत घर जगविणारी आणि सुबत्तेंत अडगळींत पडणारी ओ-लान ही भूमिका म्हणजे चिनी स्त्रीला हॉलिवुडनें देऊं केलेली पहिली मोठी माणुसकीची भूमिका होती. मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें हें चित्र काढावयास घेतलें तेव्हां वाँग तिशींत होती, अनुभवानें परिपक्व झाली होती, आणि ही भूमिका तिला मनापासून हवी होती. कंपनीनें वांग लुंग म्हणून पॉल म्यूनीला घेतलें, ओ-लान म्हणून लुईझ रायनरला. आणि वाँगला लोटस या भूमिकेसाठीं बोलाविलें. लोटस म्हणजे शेतकऱ्याचें घर मोडणारी नाचणारी रखेली. जिच्या अंगांत खरें चिनी रक्त आहे त्या एकटीनेंच या कथेंतील एकमेव तिटकारा येणारी स्त्री रंगवावी, ही मागणी तिनें नाकारली व तसें उघड बोलून दाखविलें. लोटसची भूमिका मग टिली लॉश या व्हिएन्नाच्या नर्तकीनें केली.

या वाटणीकडे पुन्हां एकदां पाहावें. नवरा ऑस्ट्रिया-हंगेरींत जन्मलेला, बायको जर्मनींत जन्मलेली, रखेली व्हिएन्नाची. आणि थोरला मुलगा मात्र कीए ल्यूक, खरा चिनी! नीतिनियमांमुळें म्यूनीची बायको गोरीच घेणें भाग होतें, अशी कंपनीची बाजू पुष्कळदां मांडली जाते. पण म्यूनीलाच घेण्याची सक्ति कोणत्या नियमानें केली होती? प्रथम स्वतःच्या हातानें दाराला कडी घालावयाची, आणि मग दार बंद असल्याबद्दल हळहळ व्यक्त करावयाची, असा हा युक्तिवाद आहे. रायनरला या भूमिकेबद्दल १९३८ सालीं ॲकॅडमीचें सर्वोत्कृष्ट नटीचें पारितोषिक मिळालें.

येथें परकायाप्रवेशवादी पुढें सरसावतात. रायनरचा अभिनय चांगला होता कीं नाहीं? असल्यास तक्रार कसली? आमच्या बालगंधर्वांनीं भामिनी आणि सिंधू रंगविल्या तेव्हां त्यांच्याजवळ कोणी स्त्रीत्वाचा दाखला मागितला होता काय? आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उडवाउडवीचें उत्तर देऊं नये. रायनरचा अभिनय उत्तम आहे हें मी मोकळ्या मनानें मान्य करतों. नट दुसऱ्याच्या देहांत शिरूं शकतो, एवढेंच नव्हे तर शिरला पाहिजे, हेंहि मान्य. परंतु या कबुलीवरून निष्कर्ष काय निघतो? बालगंधर्वांची सिंधू अलौकिक होती म्हणून स्त्रियांना रंगभूमीपासून दूर ठेवणारी रूढि न्याय्य ठरत नाहीं. नटाचें कौतुक हा बंदीचा बचाव होऊं शकत नाहीं. १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्रां’त तारामतीसाठीं स्त्री मिळेना म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडें नेसवावें लागलें, १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत तीच तारामती दुर्गाबाई खोटे यांनीं केली. या एकोणीस वर्षांत परकायाप्रवेशाचें तत्त्व खोटें ठरलें नाहीं; फक्त दार उघडलें, आणि दाराबाहेर कोण उभें होतें तें लोकांना दिसलें.

दुसरें, आणि अधिक महत्त्वाचें: परकायाप्रवेश हा येण्याजाण्याचा रस्ता आहे. शंकराचार्यांनीं अमरु राजाच्या देहांत प्रवेश केला अशी आख्यायिका आपण ऐकतों. पण राजाचा देह आचार्यांना मोकळा, आणि आचार्यांचा देह मात्र सर्वांना निषिद्ध, असा नियम योगशास्त्रांत असल्याचें ऐकिवांत नाहीं. हॉलिवुडचा परकायाप्रवेश तसा होता. ओलंडला चिनी होतां येई, म्यूनीला होतां येई, रायनर, अदोरे, लॉय, १९३२ च्या ‘दि सन-डॉटर’मधील हेलन हेज, सर्वांना होतां येई. वाँगला मात्र इंग्रज वा फ्रेंच स्त्री होतां येत नव्हतें. आणि वर पाहिल्याप्रमाणें चिनी नायिकाहि होतां येत नव्हतें! कलेचें तत्त्व खरोखरच जन्मदाखला मानीत नसतें तर एकदां तरी तो रस्ता उलट दिशेनें वाहिला असता. तत्त्वाचें नांव पुढें करून ज्यांनीं एकाच बाजूचा लाभ घेतला त्यांना तत्त्वनिष्ठ म्हणतां येत नाहीं.

इंग्रजी नाटकें शिकविणाऱ्याला येथें ऑथेल्लो आठवल्यावांचून राहत नाहीं. शतकानुशतकें गोऱ्या नटांनीं काळा रंग लावून ही भूमिका केली, आणि कित्येकांनीं उत्तम केली. तरी १९३० सालीं लंडनमध्यें व १९४३ सालीं न्यूयॉर्कमध्यें पॉल रोबसन त्या भूमिकेंत उभा राहिला तेव्हां तिचा अधिकारी नट नव्हताच, या समजुतीला जागा उरली नाहीं. ओ-लानला असा रोबसन मिळूं दिला गेला नाहीं, एवढाच काय तो भेद.

आणि या व्यवस्थेचा सर्वांत बोलका साक्षीदार तर आपल्या मुंबईचाच आहे. ‘दि डार्क एंजल’ या १९३५ च्या चित्राबद्दल ॲकॅडमीच्या पारितोषिकासाठीं जिचें नांव सुचविलें गेलें, आणि पुढें ‘वदरिंग हाइट्स’ची कॅथी म्हणून जी गाजली, ती मर्ल ओबेरॉन १९११ सालीं मुंबईंत जन्मली होती व तिच्या आईच्या बाजूनें तिच्या अंगांत आशियाई रक्त होतें. आपण टास्मानियांत जन्मलों असें ती जन्मभर सांगत राहिली; खरी हकीकत १९७९ मध्यें तिच्या मृत्यूनंतर उघडकीस आली. म्हणजे ज्या काळांत वाँगला खऱ्या चेहऱ्यानिशीं नायिका होतां येत नव्हतें, त्याच काळांत दुसरी एक आशियाई रक्ताची स्त्री जन्मस्थान लपवून नायिकांच्या पंक्तींत बसली होती. पडद्यावरच्या परकायाप्रवेशाला बक्षीस, आणि आयुष्यभराच्या परकायाप्रवेशाची सक्ति! ओबेरॉनला दोष देण्याचा माझा मुळींच विचार नाहीं. परंतु गुण असल्यास दार उघडतें असें म्हणणाऱ्यांनीं या दोन बायका शेजारीं शेजारीं उभ्या करून पाहाव्या. एकीनें आपलें नांवगांव दाराबाहेर ठेवलें आणि आंत गेली. दुसरीचें नांवगांव तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलें होतें.

राहिलें तिसरें मत. नीतिवादी म्हणतात, तिनें नाकारावयास हवें होतें. त्यांना दोन गोष्टींची आठवण करून देणें जरूर आहे. पहिली, तिनें नाकारलें होतें. लोटसची भूमिका नाकारून तिनें त्या दशकांतील चीनविषयक सर्वांत मोठ्या चित्रावर पाणी सोडलें, आणि भूमिका दुसरीनें केली. एकट्या नटीच्या नकारानें चित्र बदलत नाहीं, फक्त नटी कमी होते. दुसरी, ती गप्प बसली नव्हती. पडद्यावरचा चिनी नेहमीं खुनी, कपटी आणि काळजाचा काळाच कां असावा, हा प्रश्न तिनें १९३३ सालीं लंडनच्या एका चित्रपट-साप्ताहिकांतून उघड विचारला होता. १९३६ सालीं ती चीनला गेली, जवळजवळ वर्षभर राहिली, भाषा आणि तेथील नाट्यपद्धति शिकण्याचा यत्न केला, बापाच्या गांवीं जाऊन आली. तेथील कित्येक वर्तमानपत्रांनीं चीनची नालस्ती करणारी नटी म्हणून तिच्यावर तोंडसुख घेतलें. अमेरिकेंत ती फार चिनी, चीनमध्यें फार अमेरिकन! ज्यांनीं कथा लिहिल्या, ज्यांनीं पैसे गुंतविले, त्यांच्यापर्यंत त्या संपादकांचा हात पोंचत नव्हता. म्हणून जी हाताशीं आली तिला शिक्षा झाली. आपल्याकडेहि रंगभूमीवर प्रथम उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या वांट्याला हाच न्याय आला. ज्या घरंदाज समाजानें आपल्या लेकीसुनांना तेथें जाऊं दिलें नाहीं, त्यानेंच तेथें गेलेल्यांच्या कुळाची चौकशी केली.

परतल्यानंतर पॅरामाउंट कंपनीनें तिला कांहीं कमी खर्चाचीं चित्रें दिलीं, आणि येथें एक लहानसा प्रयोगच घडून आला. ‘डॉटर ऑफ शांघाय’ (१९३७) मध्यें ती बापाच्या मारेकऱ्यांचा माग काढणारी नायिका आहे, आणि सरकारी गुप्त पोलिस म्हणून तिच्या जोडीला कोरियन वंशाचा अमेरिकन नट फिलिप आन आहे. दोघांच्याहि चेहऱ्यावर खोटा रंग नाहीं. तिला मरावें लागत नाहीं, कोणाचा घात करावा लागत नाहीं, आणि शेवटीं नायक तिला मागणी घालतो. तासाभराचें हें साधें चित्र २००६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहांत समाविष्ट झालें. ‘किंग ऑफ चायनाटाउन’ (१९३९) मध्यें ती शस्त्रवैद्य आहे. कोंडवाड्याचें फाटक किंचित् उघडतांच नटी किती सहज बाहेर पडते, हें पाहावयाचें असेल त्यानें हीं दोन चित्रें पाहावीं. युद्धकाळांत तिनें चीनच्या बाजूच्या दोन चित्रांत काम केलें व त्यांचें वेतन चीनच्या मदतनिधीला दिलें. नालस्ती करणाऱ्या नटीची ही वागणूक!

१९५१ सालीं टेलिव्हिजनच्या बाल्यावस्थेंत ड्युमाँट कंपनीनें ‘दि गॅलरी ऑफ मादाम लिउ-त्सुंग’ ही मालिका काढली. कलावस्तूंच्या दालनाची मालकीण, आणि गुन्ह्यांचा छडा लावणारी चतुर स्त्री, अशी तिची भूमिका; नांवहि तिचें स्वतःचें घरचेंच. आशियाई वंशाच्या अमेरिकन व्यक्तीला मुख्य भूमिका देणारी अमेरिकन टेलिव्हिजनवरील ही पहिली मालिका. ऑगस्टच्या अखेरीस ती सुरू झाली, हिंवाळ्यापूर्वीं संपली, आणि तिचा एकहि भाग आज उपलब्ध नाहीं. ज्या कामांत ही नटी आपल्या नांवानिशीं, कोणाची दासी वा वैरीण न होतां उभी राहिली तेंच नेमकें नष्ट झालें, आणि फू मांचूची मुलगी मात्र शाबूत आहे. भूमिकांच्या यादीवर भिस्त ठेवणाऱ्या टीकाकारानें याचाहि विचार करावा. १९५६ सालीं विल्यम वायलरनें ‘दि लेटर’ टेलिव्हिजनसाठीं केलें तेव्हां जी चिनी बाईची भूमिका १९४० च्या चित्रपटांत गेल सॉन्डरगार्ड या गोऱ्या नटीनें केली होती ती वाँगला मिळाली. सोळा वर्षांनीं हा एक हिशेब चुकता झाला. पण तोंवर ती पन्नाशी ओलांडून गेली होती. १९६० च्या ‘पोर्ट्रेट इन ब्लॅक’मध्यें ती पुन्हां घरकाम पाहणारी बाई होती. ३ फेब्रुवारी १९६१ रोजीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, ती वारली.

२०२२ सालीं अमेरिकेच्या टांकसाळीनें पाव डॉलरच्या नाण्यावर तिची मुद्रा उमटविली, आणि २०२३ सालीं सर्वोत्कृष्ट नटीचें पारितोषिक मिशेल यो हिला मिळालें. रायनरच्या पारितोषिकानंतर बरोबर पंच्याऐंशी वर्षांनीं. यो ही त्या पारितोषिकासाठीं नांव सुचविली गेलेली पहिली आशियाई नटी असें लिहितांना वर्तमानपत्रांना ओबेरॉनची आठवण ठेवून ‘स्वतःला आशियाई म्हणविणारी’ अशी पुस्ती जोडावी लागली. या घटनांचा आनंद मानावा, पण त्यावरून ‘शेवटीं गुणांचा विजय झालाच’ असें म्हणण्यास कोणी पुढें आला तर त्याला तेथेंच अडवावें. नाण्यावरील मुद्रेला भूमिका मिळत नाहीं. जी ओ-लान १९३७ सालीं व्हावयाची होती ती झाली नाहीं. ती आतां कोणत्याहि टांकसाळींत पाडतां येणार नाहीं.

टीकाकाराचें काम नटाला पदवी देण्याचें नसून त्याचें काम पाहण्याचें आहे. पाहतांना त्यानें दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या: नटाला काय करतां आलें नाहीं, आणि नटाला काय करूं दिलें नाहीं. पहिली टीकेचा विषय आहे, दुसरी इतिहासाचा. दुसरीचा भार पहिलीवर टाकला म्हणजे अन्यायाला गुणदोषविवेचनाची प्रतिष्ठा लाभते, आणि दार लावणाऱ्याचें काम टीकाकार फुकट करून देतो. ॲना मे वाँग मोठी नटी होती कीं नाहीं हें ज्याला ठरवावयाचें असेल त्यानें ‘पिकॅडिली’ आणि ‘शांघाय एक्सप्रेस’ पाहून ठरवावें. तिला मिळालेल्या भूमिकांची यादी मात्र त्यानें बाजूला ठेवावी. तो तिच्या अभिनयाचा नव्हे, हॉलिवुडच्या मनाचा दाखला आहे.